माझा गोल्फ आणि सासूबाईंचा गुडघा

मी वजनमापं तपासणारा माणूस आहे. दुकानातला तराजू खरा की खोटा हे बघायचं आणि खरा असेल तर त्यावर शिक्का मारायचा, हे माझं बावीस वर्षांचं काम. त्यामुळे आकड्यांच्या बाबतीत लबाडी मला जमत नाही, आणि म्हणूनच सरळ सांगून टाकतो की तीन वर्षं रोज पहाटे उठून, दीडशे-दीडशे चेंडू बडवून, मी अठरा होलचा खेळ एकशे दहा फटक्यांत संपवत असे. गोल्फमध्ये फटके जितके कमी तितका खेळाडू चांगला. बऱ्यापैकी माणूस नव्वदीत असतो. एकशे दहा म्हणजे काय हे ज्यांना कळत नाही त्यांनी एवढंच लक्षात घ्यावं, की माझ्या मागून खेळणारी मंडळी येताना वर्तमानपत्र घेऊन यायची.

गोल्फ हा बड्या लोकांचा खेळ आहे असं समजणाऱ्यांनी आमचं मैदान एकदा बघावं. पाण्याच्या टाकीमागच्या मोकळ्या जमिनीवर नऊ होल आहेत, तेच दोनदा खेळले की अठरा होतात. सहाव्या होलजवळ पंपाची खोली आहे. तिच्या पत्र्यावर चेंडू आदळला की आतला पंपवाला बाहेर येऊन कुणाचा म्हणून चौकशी करायचा. पहिलं वर्षभर त्याने चौकशी केली. दुसऱ्या वर्षापासून तो नुसता खिडकीतून हात बाहेर काढून चेंडू माझ्या दिशेने टाकायला लागला. माणसाची ओळख अशीही होते.

या मैदानावर मला नेलं ते माझ्या साडूंनी, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी. साडू औषधांच्या कंपनीत विक्री अधिकारी आहेत. त्यांच्या पँटची इस्त्री संध्याकाळीही मोडलेली नसते. क्लबच्या खोलीत एक लाकडी फळा टांगलेला आहे, त्यावर हौशी गटाच्या वार्षिक सामन्याचे विजेते रंगवलेले आहेत, आणि त्यांत साडूंचं नाव तीनदा आहे. सासरची मंडळी आमच्याकडे जेवायला जमली की जेवणानंतर साडू कोपऱ्यातली छत्री उचलतात आणि स्टिक कशी धरायची ते मला सर्वांदेखत शिकवतात. छत्री माझी, दिवाणखाना माझा, आणि शिकवणी मलाच. मेव्हणी कौतुकाने बघत असते, बायको खाली बघत असते. मला आयुष्यात फार काही नको होतं. एकदा, फक्त एकदा, वार्षिक सामन्यात, सही झालेल्या कार्डावर, साडूंपेक्षा एक फटका कमी हवा होता.

त्यासाठीच तर तीन वर्षांचा सराव चालला होता. आमचे कोच अतिशय सज्जन गृहस्थ. त्यांनी मला फटका मारताना लक्षात ठेवायच्या सतरा गोष्टी शिकवल्या. डावा खांदा, उजवं कोपर, हनुवटी, टाच, श्वास, असं करत करत मी चेंडूपर्यंत पोचायचो तोवर वारा बदललेला असायचा. माझ्या प्रगतीबद्दल विचारलं की कोच म्हणत, तुमच्यात सातत्य आहे. ते खरंच होतं.

आणि मग सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं.

सासूबाई पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेल्या. सासरे गेल्यापासून दोन गल्ल्या पलीकडे एकट्या राहतात आणि कुणाचं काही ऐकत नाहीत. ऑपरेशननंतर मात्र कुणाकडे तरी राहणं भाग होतं. साडूंचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आमचं तळमजल्यावर. डॉक्टरांनी सांगितलं होतं की रोज सकाळ-संध्याकाळ कुणीतरी सोबत राहून चालवायचं, आधी चाळीस पावलं, मग हळूहळू वाढवत न्यायची. बायकोची शाळा सकाळची. तिने एका वाक्यात निकाल लावला. म्हणाली, "तुम्ही नाहीतरी पहाटे उठताच." तीन वर्षांच्या माझ्या तपश्चर्येचं मोल त्या 'नाहीतरी'त आलं.

तर सराव बंद झाला. खेळ महिन्यातून एका रविवारी, तोही बायको घरी असेल तर. मी सासूबाईंना धरून घरासमोरच्या लांब व्हरांड्यात पावलं मोजायला लागलो. पहिल्या दिवशी वेळ जावा म्हणून मी त्यांना स्टिकची पकड समजावून सांगू लागलो. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "जावईबापू, मला चालवायचंय की शिकवायचंय ते एकदा ठरवा." त्यानंतर गोल्फचं नाव निघालं नाही. त्या पोस्टातल्या गोष्टी सांगायच्या. 'निळ्या दाराच्या समोर, मामांना द्यावे' एवढ्याच पत्त्याचं पाकीट त्यांनी कसं पोचवलं, आणि दोन भावांचं भांडण चालू असताना एकाच घरात दोघांची पत्रं वेगवेगळ्या वेळी कशी टाकावी लागत. मी त्यांना खोट्या वजनांच्या गोष्टी सांगायचो. आतून पोखरून मेण भरलेलं दोन किलोचं वजन मी कसं पकडलं, हे माझ्या स्वतःच्या बायकोनेही कधी पूर्ण ऐकून घेतलेलं नाही. सासूबाईंनी दोनदा ऐकलं.

महिन्याने मी खेळायला गेलो. सोबतीला दातांचे डॉक्टर होते. पहिल्याच होलला उभा राहिलो आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं, कारण सतरापैकी मला फक्त तीनच गोष्टी आठवत होत्या, आणि त्यांतली एक सासूबाईंच्या टाचेबद्दल होती. आता काय होईल ते होवो म्हणून मी चेंडूला मारलं. चेंडू सरळ गेला. मी डॉक्टरांकडे बघितलं, डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघेही चालू लागलो. शेवटी बेरीज केली तर सत्त्याण्णव. मी ती तीनदा केली, मग डॉक्टरांकडून करून घेतली. पंपवाला दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, साहेब, काल आला नव्हता का.

पुढच्या महिन्यात त्र्याण्णव. त्या दिवशी साडूही होते, आणि साडूंचे चौऱ्याण्णव झाले. साधा रविवारचा खेळ होता, फळ्यावर जाणारा नव्हता. पण साडूंनी माझं कार्ड हातात घेऊन उन्हाकडे धरून बघितलं, खोटी नोट बघावी तसं.

इथे माझ्या सुखाला सुरुवात व्हायला हवी होती. झाली ती अवहेलनेला. माणसाने तीन वर्षं घाम गाळून नव्वदी गाठली असती तर लोकांनी त्याचं कौतुक केलं असतं. मी सराव सोडून ती गाठली, म्हणून लोक सराव सोडल्याचं कौतुक करायला लागले. वरच्या मजल्यावरचे निवृत्त प्राचार्य खास खाली उतरून आले आणि म्हणाले, आता खेळही पूर्ण सोडा, मग बघा कुठच्या कुठे जाल. समोरच्या काकूंनी आपल्या नातवाचा गाण्याचा क्लास बंद केला आणि कारण म्हणून माझं नाव सांगितलं. कार्यालयात साहेबांनी बोलावून घेतलं. तुमच्या अनुपस्थितीत तुमची कामगिरी सुधारते असं ऐकलं, तर हेच तत्त्व जावक विभागाला लावता येईल का, असं त्यांनी गंभीरपणे विचारलं. मी विचार करून सांगतो म्हणालो. जावक विभागाने माझ्याशी बोलणं टाकलं.

सगळ्यांत वाईट वाटलं ते कोचचं. त्यांच्या दोन विद्यार्थ्यांनी येणं कमी केलं होतं. एका संध्याकाळी ते घरी आले, चहाला नको म्हणाले, आणि टोपी हातात फिरवत म्हणाले, "निदान लोकांना सांगा की तुम्ही गुपचूप सराव करता." सराव करूनही जमत नाही हे लपवणारे लोक मी पाहिले आहेत. न केलेला सराव केल्याचं कबूल करण्याची पाळी माझ्यावर आली. मी काही दिवस तसं सांगूनही बघितलं. कुणाचाही विश्वास बसला नाही.

साडू मात्र गप्प होते. साडू गप्प असले की मला धास्ती वाटते. पुढच्या शनिवारी ते मेव्हणीला घेऊन आले, सासूबाईंच्या पायाशी बसले आणि म्हणाले, आई, आता काही दिवस आमच्याकडे. मेव्हणीचे डोळे भरून आले. तिसऱ्या मजल्याचं काय, असं बायकोने विचारलं, तर साडूंनी सगळं ठरवून ठेवलेलं होतं. खुर्चीत बसवून दोन माणसं वर नेतील, सकाळ-संध्याकाळ गच्चीत ते स्वतः चालवतील, आणि त्यासाठी, हे त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं, त्यांनी आपला सराव संपूर्ण बंद करायचं ठरवलं होतं.

मी ताबडतोब ओळखलं. मी म्हणालो, आईंना इथली सवय झाली आहे. साडू म्हणाले, गच्चीत हवा चांगली. मी म्हणालो, गुडघा मी रोज शेकून देतो. नव्हतो देत, पण त्या क्षणापासून द्यायला लागलो. साडू म्हणाले, मी तेलाने चोळूनही देईन. दोन जावई सासूच्या सेवेसाठी असे हमरीतुमरीवर आलेले बघून दोघी बहिणी एकमेकींचा हात धरून बसल्या. बायकोने तर सोमवारी शाळेच्या शिक्षकखोलीत ही हकिकत सांगितली आणि त्यानंतर आठवडाभर तिच्या सहकारी बाया मला रस्त्यात थांबवून नमस्कार करत होत्या.

सासूबाई आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या, कमी तिकीट लावलेल्या पाकिटांकडे बघावं तसं. शेवटी म्हणाल्या, जिने नकोत. साडू उठले तेव्हा त्यांच्या पँटची इस्त्री मोडली होती.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी, आणि ती सांगताना मला हसू येत नाही. त्यानंतर एका संध्याकाळी सासूबाई न बसता दोनशे पावलं चालल्या. मी मोजत होतो. दोनशे म्हणताना माझं तोंड उतरलं. वार्षिक सामना दीड महिन्यावर होता. त्या बऱ्या झाल्या की आपल्या घरी जाणार, माझ्या पहाटा मोकळ्या होणार, मी मैदानावर जाणार आणि सतरा गोष्टी परत येणार. मी त्यांना म्हणालो, फार झालं, बसा आता. एका म्हाताऱ्या बाईचा गुडघा बरा होऊ नये म्हणून मी मनातल्या मनात प्रार्थना करत होतो. मला माझी लाज वाटली. पण प्रार्थना मी थांबवली नाही.

त्यातच क्लबच्या सेक्रेटरींचं पत्र आलं. सरावाच्या जागी एक नोंदवही असते. सामन्याआधीच्या तीन महिन्यांत तिच्यात किमान वीस सह्या असलेल्यालाच वार्षिक सामना खेळता येतो. हा नियम मला माहीत नव्हता, कारण मी तीन वर्षं रोज सही करत आलो होतो. या खेपेला माझं पान कोरं आहे हे, सामन्याला वीस दिवसही उरले नसताना, कार्यकारिणीच्या एका सदस्याच्या नजरेस आलं होतं. तो सदस्य म्हणजे साडू. ते फोनवर हळहळले आणि म्हणाले, काय करणार, नियम आहे.

मी सूट मिळावी म्हणून अर्ज केला. कारणाच्या जागी खरं ते लिहिलं, 'सरावाने माझा खेळ बिघडतो'. सेक्रेटरी पूर्वी हिशेब तपासनीस होते. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि या विधानाच्या पुष्ट्यर्थ सक्षम व्यक्तीचं प्रमाणपत्र जोडा म्हणाले. सक्षम व्यक्ती म्हणजे कोच. म्हणजे माझ्या शिकवण्याने या माणसाचा खेळ बिघडला, असं कोचनी स्वतःच्या सहीने लिहून द्यायचं. मी नाक मुठीत धरून तो कागद त्यांच्यापुढे केला. त्यांनी तो शांतपणे वाचला, चार घड्या घातल्या, खिशात ठेवला आणि परत दिला नाही.

सेक्रेटरी नियमाने चालणारे असले तरी दुष्ट नव्हते. त्यांनी पुस्तिका चाळून दुसरी वाट दाखवली. घरात रुग्ण असेल आणि खेळाडू त्याच्या शुश्रूषेत असेल तर सवलत मिळते. फक्त रुग्णाच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र हवं, आणि ते सात दिवसांच्या आतलं हवं.

मी सासूबाईंना घेऊन डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी उजवा गुडघा दाबून, वाकवून, सरळ करून बघितला आणि खूश झाले. म्हणाले, उत्तम. मग सासूबाईंना म्हणाले, "पण आजी, मागच्या खेपेला मी तुम्हाला काठी सोडा म्हणालो होतो. पाच आठवडे झाले."

मागच्या खेपेला सासूबाई रिक्षाने एकट्या आल्या होत्या. मला कार्यालयात तपासणी होती. परत आल्यावर त्यांनी सांगितलं होतं की अजून वेळ लागेल. आता त्या भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघत होतो. डॉक्टर आम्हा दोघांकडे बघत होते.

"तिकडे घरी मी दोनशे पावलं चालले काय आणि दोन चालले काय," त्या चित्राकडे बघतच म्हणाल्या, "मोजायला कोण आहे?"

मी जे बोललो ते माझ्या तोंडून कसं निघालं कुणास ठाऊक. म्हणालो, "आई, मलाही तुम्ही बऱ्या व्हायला नको होतात."

"ते कळलंय मला. दोनशे झाली त्या दिवशी तोंड बघितलं ना तुमचं."

प्रमाणपत्राचा प्रश्न तसाच राहिला. डॉक्टर म्हणाले, बरा असलेला गुडघा दुखतो असं मी लिहिणार नाही. मी म्हणालो, लिहूही नका, मीही शिक्के मारणारा माणूस आहे. तेव्हा सासूबाईंमधल्या पोस्टमास्तर जाग्या झाल्या. त्यांनी डॉक्टरांचं पॅड पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "लिहा, रुग्णाला सोबतीची गरज आहे. हे तर खोटं नाही ना?"

डॉक्टरांनी लिहिलं. सेक्रेटरींनी त्यावर 'मान्य' असा शेरा मारला.

घरी येताना आमचा करार झाला. सामना होईपर्यंत त्या चारचौघांत लंगडणार. सामना झाला की बऱ्या होणार आणि आपल्या घरी जाणार, कारण लोकांना किती दिवस फसवायचं. व्हरांड्यात मात्र आम्ही आता भराभर चालायचो, तीनशे, चारशे. मी आकडा मोठ्याने म्हणत असे. बायको शाळेतून आली की त्या काठी घेत.

सामन्याचा दिवस उजाडला. चिठ्ठ्या टाकल्या तर मी आणि साडू एकाच जोडीत. साडूंनी शब्द पाळून खरोखरच सराव बंद केला होता, सेवेला सासू नसतानाही. फक्त नोंदवहीत रोज सही करून ते गाडीत बसून राहायचे, हे मला पुढे कोचनीच सांगितलं. त्यामुळे तेही काही विसरलेल्या माणसासारखे छान खेळत होते. मी सासूबाईंना पहाटे सांगायच्या राहिलेल्या एका गोष्टीचा विचार करत होतो, आणि चेंडू जात होता. पंपाची खोली दोन्ही वेळा सुखरूप राहिली.

अठराव्या होलला साडूंचे चौऱ्याण्णव पुरे झाले. माझे एक्क्याण्णव झाले होते आणि चेंडू होलपासून दोन हातांवर होता. एका फटक्यात गेला तर ब्याण्णव, दोन फटक्यांत गेला तर त्र्याण्णव, म्हणजे कसंही मारलं तरी फळ्यावर माझं नाव. बाकीचे सगळे आधीच शंभराच्या आसपास आटोपले होते. सासरची झाडून सगळी मंडळी कडेला उभी होती. सासूबाईंना खुर्ची दिली होती. दोन हात म्हणजे काहीच नाही, तेवढ्यावरून मी चेंडू डोळे मिटून घातला असता.

मी स्टिक मागे नेली आणि मनात आलं, उद्या पहाटे व्हरांड्यात कुणी नसेल.

चेंडू होलच्या पलीकडे गेला. तिथून मारलेला कडेवर येऊन थांबला. तिसऱ्याने तो आत पडला. मुद्दाम चुकलो का, असं बायकोने त्यानंतर मला चारदा विचारलं आहे. मला खरंच माहीत नाही. लोकांचे तराजू तपासतो म्हणून स्वतःचाही तपासता येतोच असं नाही. पण वाईट वाटायला हवं होतं तेवढं वाटलं नाही, एवढं शपथेवर सांगतो.

दोघांचेही चौऱ्याण्णव. सेक्रेटरींनी पुस्तिका काढली. बरोबरी झाल्यास दोघांनी एक महिन्याने पुन्हा खेळायचं, आणि सवलत घेतलेल्याने प्रमाणपत्र नव्याने जोडायचं. साडू कपाळाला आठ्या घालून तिथेच उभे राहिले. कुणीतरी टाळ्या वाजवाव्यात की नाही असा विचार करत अर्धवट टाळी वाजवली.

सासूबाईंनी मोठा श्वास सोडला. "चला," त्या म्हणाल्या, "अजून एक महिना." त्यांनी काठी घेतली, खुर्चीचा हात धरून हळूहळू उठल्या आणि सगळ्यांदेखत फाटकाकडे लंगडत निघाल्या. साडूंनी धावत जाऊन विचारलं, आई, फार दुखतंय का. फार, असं त्यांनी सांगितलं.

मी पाठोपाठ गेलो, त्यांचा हात धरला आणि कानाशी वाकून म्हणालो, "आई, उजवा."

त्यांनी न थांबता पाय बदलला.